न विचारलेलं

सुगलाअक्का बिराजदार समोर बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न आजाराबद्दल कधीच विचारत नसत. "जेवून निघालात का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा, कुठून कुठून माणसं पहाटेच्या एसटीनं आलेली असत. हातात फायलींची पिशवी, कडेवर वयाच्या मानानं फारच हलकं मूल, आणि नवरा-बायको एकमेकांकडं न बघता शेजारी शेजारी बसलेले. 'नाही' म्हटलं की अक्का त्यांना सरळ खाली कँटीनला पिटाळत. बाहेर नंबर खोळंबलेले, मी घड्याळाकडं बघतेय, आणि अक्का निवांत पेन्सिलीला टोक करत बसलेल्या. "उपाशी माणसाला तासभर समजावून सांग, त्याला फक्त शेवटचं वाक्य ऐकू येतं," असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांच्याकडं शिकायला होते. जेनेटिक कौन्सेलिंग हा माझा एम.एस्सी.चा विषय. तो सांगितला की आमच्या जेऊरला लोक आदरानं मान हलवत आणि मग हळूच विचारत, "म्हंजे नोकरी कुटं लागती त्याला?" काम तसं साधं सांगता येतं. घराण्यातून येणारे आजार असतात. तो आपल्याच मुलाला का झाला, पुढच्याला होईल का, आधी कळायची काही सोय आहे का, हे त्या घराला त्यांच्या भाषेत समजावून द्यायचं आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यायचा. औषध द्यायचं नाही, उपदेश तर त्याहून नाही. अभ्यासक्रमाचे शेवटचे आठ महिने प्रत्यक्ष काम असतं. घराजवळ म्हणून मी सोलापूर मागून घेतलं. एका ट्रस्टच्या दवाखान्यात, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत, मंगळवारी आणि शुक्रवारी अक्कांची ओपीडी भरायची. महिन्यातून एकदा पुण्याहून मोठे डॉक्टर येत, बाकी सगळा कारभार अक्कांचा. अक्कलकोटकडच्या बायका त्यांना 'झाड काढणाऱ्या बाई' म्हणत, कारण त्या प्रत्येक घराचं झाड कागदावर काढायच्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, दोष नुसता लपलेला असेल तर खूण निम्मी काळी, आजार झालेला असेल तर पूर्ण काळी, गेलेल्यावर तिरकी रेघ.

बुटक्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आधी वीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळं आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पण आजाराचं नाव घ्यायची वेळ आली की तो आवाज इतका खाली उतरायचा की समोरच्याला पुढं वाकावं लागायचं. मी भराभर बोलते. माझी जीभ नेहमी माझ्या दोन पावलं पुढं असते. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी मला ऐकवलं, "तुमच्या जेऊरला गाड्या थांबतात तरी. तू कुठंच थांबत नाहीस."

मी काढलेलं पहिलं झाड मला अजून आठवतं. वागदरीकडचं जोडपं होतं, मुलाला महिन्या-महिन्याला रक्त चढवावं लागायचं. सोबत नवऱ्याची आत्या आलेली, घरातली सगळी माहिती असलेली म्हातारी. मी बारा मिनिटांत तीन पिढ्या कागदावर उतरवल्या आणि शाबासकीच्या अपेक्षेनं कागद अक्कांपुढं सरकवला. अक्कांनी तो बघितला, चष्मा काढला आणि आत्याबाईंना विचारलं, "आणि पाळण्यात घालायच्या आधी गेलेली?"

म्हातारी छताकडं बघायला लागली. बोटांची पेरं मोजली. "दोन की. एक थोरलीच्या आधी, एक मागनं."

"मघाशी नाही सांगितलीत."

"त्यांना कशाला धरायचं बाई? नाव न्हाय, गाव न्हाय. ती मोजत न्हाईत."

अक्कांनी दोन बारीक खुणा काढल्या, त्यांवर रेघा मारल्या आणि कागद फिरवून म्हातारीला दाखवला. म्हातारी बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली. ती माणसं गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, "तू भावंडं किती विचारलंस. त्या घरात ती भावंडं झालीच नव्हती अजून. बारसं झाल्याशिवाय मूल घरच्यांच्या हिशेबात येत नाही आपल्याकडं. आजाराच्या हिशेबात येतं." तेव्हापासून आजतागायत मी हा प्रश्न विसरलेले नाही.

आमच्याकडं येणाऱ्या निम्म्याअधिक घरांत लग्नं नात्यात झालेली असायची. आत्याच्या मुलाशी, मामाच्या मुलाशी, कधी सख्ख्या मामाशीच. झाडात अशा जोडप्यामध्ये दुहेरी रेघ काढतात. ती काढताना सुरुवातीला माझ्या कपाळाला आठी पडायची. अक्कांनी एकदा ती टिपली. "लग्नाला नावं ठेवायला आपण कोण? लावायला जंगम होते, जेवायला गाव होतं. आता निस्तरायला हे दोघंच उरलेत. त्यांना तुझी आठी कशाला दाखवतेस?"

आणि दोष कुणाचा, हा प्रश्न तर रोजचाच. एका शिक्षकानं बायकोला माहेरी पाठवून दिलं होतं, "खोट हिच्याकडची" म्हणून. तो एकटाच रिपोर्ट न्यायला आला, उभ्याउभ्याच बोलत होता. अक्कांनी त्याला बसवलं, झाड त्याच्यापुढं ठेवलं आणि पेन्सिल त्याच्याच हातात दिली. "सर, तुम्ही शिकलेले. रिपोर्टात लिहिलंय तसं भरा. हा चौकोन निम्मा काळा करा. हा गोल निम्मा करा." त्यानं निम्मा चौकोन भरला. निम्मा गोल भरला. "आता बघा. एकट्या तिच्याकडनं आलं असतं, तर तुमचं लेकरू आज शाळेत गेलं असतं. दोघांकडनं आलं म्हणून हे झालं. ह्यात चूक कुणाचीच नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं." तो माणूस स्वतः भरलेल्या निम्म्या चौकोनाकडं बघत राहिला. पुढच्या मंगळवारी बायकोला घेऊन आला. अक्का त्याला काहीही बोलल्या नाहीत, जेवून निघालात का एवढंच विचारलं.

शुक्रवारी पेशंट संपले की आमचा सराव व्हायचा. अक्का पदर डोक्यावर घेऊन कुणीतरी व्हायच्या आणि मी त्यांना समजावायचं. नाटकात गेल्या असत्या तर नाव काढलं असतं बाईंनी. एका शुक्रवारी त्या म्हातारी झाल्या. "माज्या लेकीची दोन पोरं गेली बघ. पोटुशी असताना सायकल मारत कालेजला जायची. सांगून ऐकली न्हाय. खाल्ली दोन्ही."

मला वाटलं, हे तर सोपं. लेकीचं लग्न नात्यातलं का, एवढं विचारून घेतलं आणि दोन मिनिटांत सगळं सांगून मोकळी झाले. सायकलीचा काही संबंध नाही, आई-बाप दोघांत तोच दोष लपलेला होता, अशा जोडप्याच्या दर खेपेला चारात एक धोका असतो, आणि नात्यातल्या लग्नात तोच दोष दोघांकडं असण्याची शक्यता वाढते. म्हातारी ऐकत गेली. तिचे हात मांडीवर काहीतरी चाचपायला लागले. मग अक्कांनी पदर खाली घेतला.

"तिनं विचारलं होतं का?"

"पण अक्का, तिचा गैरसमज होता."

"होता. तिनं विचारलं होतं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तिच्या हातात एक गोष्ट होती इतकी वर्षं. ती तू काढून घेतलीस. त्या जागी काय ठेवलंस?"

मी लॉगबुकात 'सहानुभूती वाढवणे आवश्यक' असं काहीतरी लिहून वेळ मारून नेली.

गुरुवारी ओपीडी नसायची. त्या दिवशी आम्ही रिपोर्ट लिहायचो आणि दुपारी अक्का मला जेवायला घरी न्यायच्या. हॉस्टेलच्या जेवणानं माझी दशा झाली होती ती त्यांना दिसत होती. शुक्रवार पेठेत, खाली चष्म्याचं दुकान आणि वर त्यांच्या तीन खोल्या. जिना चढतानाच वरून आवाज यायचा. त्या अव्वा, अक्कांच्या आई. ऐंशीच्या पुढं वय, काटकुळी अंगकाठी, आणि तोंड मात्र तरण्या बाईचं. लेक साठीला आलेली, पण अव्वांच्या लेखी तिला अजून काहीही जमत नव्हतं. साडीच्या निऱ्या वाकड्या, भाकरी कडेला जाड, केस विंचरलेले की नुसते बांधलेले, दवाखान्यात येवढा वेळ काय करतीस. अक्का तितक्याच जोरात कानडीत उलट उत्तर द्यायच्या. मग अव्वा माझ्यासाठी मराठीत यायच्या, "बघ ग जेऊरवाली, ही अशी बोलती आईला!" आणि दोघींना त्यात मजा वाटते आहे हे माझ्यासारख्या परक्या मुलीलाही दिसायचं. त्या घरात ताटं मांडायच्या आवाजाइतकंच ते भांडण रोजचं होतं.

घरात तिसरं माणूस होतं ते मामा. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, दिवसभर पेपर वाचणारे, कमी बोलणारे. अक्का त्यांना म्हणायच्या, "मामा, ताट घ्या." अव्वा त्यांना म्हणायच्या, "मल्ल्या, हात धू." पहिल्या गुरुवारी मला वाटलं, हे अक्कांचे मामा, मग यजमान कुठं आहेत? दुसऱ्या गुरुवारी उलगडा झाला. मामा हेच यजमान. अव्वांनी आपल्या पाठच्या सख्ख्या भावाला आपली लेक दिली होती. लेक डोळ्यांपुढं राहावी म्हणून. इतकी घरं पाहूनही मला ते झटकन सुचलं नव्हतं, कारण अक्का मला पेशंट वाटत नव्हत्या.

तिसऱ्या गुरुवारी अव्वांनी मला ताक वाढता वाढता सांगितलं. "हिला दोन झाली होती बरं का. एक पोरगा, एक पोरगी. कशी गोरी, कसे डोळे! मान काय धरली न्हाय. सात म्हयन्यांचा गेला तो, ती तर पाचच. सायकल मारत जायची कालेजला, पोटात लेकरू घेऊन. मी पाया पडले हिच्या. ऐकली न्हाय. खाल्ली दोन्ही."

घास माझ्या हातातच राहिला. मी अक्कांकडं पाहिलं. त्या तव्यावरची भाकरी उलटत होत्या.

परतताना चौकापर्यंत त्या माझ्याबरोबर चालत आल्या. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. चाळिशीत नोकरीवरून रजा काढून त्या हैदराबादला हा कोर्स करायला गेल्या त्या एवढ्यासाठीच, आपली मुलं का गेली हे कळून घ्यायला. तिथं एका तासाला सरांनी एक फिल्म दाखवली. पाठीवर पडलेलं बाळ, टपोरे डोळे, हात-पाय उचलता येत नाहीत, आणि जीभ सारखी थरथरतेय. "मी उठले आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसले. माझाच मुलगा होता ग तो. तसाच बघायचा." पुढं त्यांनी स्वतःचं आणि मामांचं रक्त तपासून घेतलं. दोघांतही तोच दोष होता, एकाच घरातून आलेला.

"मग अव्वांना का नाही सांगत? त्या तुम्हाला रोज बोलतात!"

"सांगून ती काय करेल? लग्न तिनं ठरवलं. मामा नको म्हणत होते, मी नको म्हणत होते. आण्णा, माझे वडील, तेसुद्धा नको म्हणत होते. तिनं दोन दिवस अन्न सोडलं आणि लग्न लावलं. आता भावाचं तोंड रोज बघायचंय तिला. माझं बघायचंय." अक्का थांबल्या, चपलेत गेलेला खडा काढला. "माझ्यावर रागावून ती उभी आहे ग इतकी वर्षं. मला त्या रागाचं काही होत नाही आता. मला माहितीय खरं काय ते. ज्याला माहितीय त्यानं सोसावं."

मला ते अजिबात पटलं नाही. मी चिडले होते. सगळ्या जिल्ह्याला खरं सांगत फिरणाऱ्या बाईनं स्वतःच्या घरात शिव्या खायच्या? हॉस्टेलवर गेल्यावर मी मनातल्या मनात अव्वांशी भांडत राहिले.

आणि मग तो गुरुवार आला. शेजारची सून पाचव्या महिन्याची होती, ती विरजण मागायला आली. अक्का स्वयंपाकघरात चहा करत होत्या, मामा बाहेर गेले होते. अव्वांनी तिला बसवून घेतलं. "स्कूटीवर जातीस म्हनं बँकेत? नको ग बाई. आमच्या हिनं सायकलीपायी दोन लेकरं खाल्ली." ती पोरगी घाबरून पोटावर हात ठेवून बसली. आत कप वाजले आणि थांबले. अक्का ऐकत होत्या हे मला कळलं, आणि माझं डोकं फिरलं.

"अव्वा, सायकलीनं काही होत नसतं," मी म्हणाले.

"तुला काय म्हाईत ग?"

"मला हेच माहितीय. हेच शिकतेय मी. ती मुलं सायकलीनं गेली नाहीत. मामांच्या आणि अक्कांच्या रक्तात एकच दोष होता. मामा-भाचीच्या लग्नात तो असा समोरासमोर येतो. अक्कांनी काही खाल्लं नाही कुणाला. कुणी काही केलं असेलच तर..."

एवढ्यावर मी थांबले. पण थांबून काय उपयोग, सगळं बोलून झालं होतं. शेजारची सून विरजण न घेताच उठून गेली. अव्वा माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं आता ओरडतील. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मल्ल्याकडं हाय. पोरीकडं हाय. मग माझ्याकडनंच आला असंल की तो." ऐंशी वर्षांची, शाळा न पाहिलेली बाई. जे समजवायला मला वर्गात दोन तास लागले होते ते तिला एका दमात समजलं.

मी मान खाली घातली. तेच उत्तर झालं.

अक्का चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले. एक अव्वांपुढं, एक माझ्यापुढं. कुणी चहा घेतला नाही. नेहमीसारखं त्या मला चौकापर्यंत सोडायला आल्या. मी रडत होते, त्यांनी माझा हात धरला नाही की झिडकारला नाही. चौकात म्हणाल्या, "उद्या साडेनऊला ये. मंगळवेढ्याचं जोडपं आहे." त्यानंतर त्या प्रसंगाबद्दल त्यांनी मला कधीही एका शब्दानं विचारलं नाही. लॉगबुकावर सही करताना मात्र 'समोरच्याच्या गतीनं माहिती देणे' या ओळीपुढं त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'अजून सराव हवा.'

पंधरा-वीस दिवसांनी, एका मंगळवारी, मी पुढचा नंबर पुकारायला दार उघडलं तर बाकावर अव्वा. हातात केस पेपर. शुक्रवार पेठेतून एकट्या रिक्षा करून आल्या होत्या. रांगेत बसल्या होत्या, पुढं घ्या असं कुणाला म्हणाल्या नव्हत्या. आत येऊन त्या पेशंटच्या खुर्चीत बसल्या.

"अव्वा, घरी बोललो असतो की," अक्का म्हणाल्या.

"घरी तू मला सांभाळून बोलशील. तसलं नको मला. ह्या समद्या लोकांशी बोलतीस तसं बोल."

अक्कांनी चष्मा पुसला. मग विचारलं, "जेवून निघालीस का?"

"न्हाय."

मी धावत खाली जाऊन इडली आणली. अव्वांनी दोन घास खाल्ले. मी बाहेर जायला निघाले तर अव्वाच म्हणाल्या, "बस. तूच सुरू केलंस न्हवं?" मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. अक्कांनी कोरा कागद घेतला आणि मी पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या घराचं झाड काढताना पाहिलं. अव्वांचे आई-वडील, त्यांच्याखाली अव्वा आणि मामा, अव्वांखाली अक्का. मग मामा आणि अक्का यांच्यामध्ये दुहेरी रेघ. त्याखाली एक चौकोन, एक गोल. पूर्ण काळे, वर तिरकी रेघ. हात जराही हलला नाही.

अव्वा कागदावर वाकून बघत होत्या. "ह्यात लगीन कुणी ठरवलं ते कुटं लिवत्यात?"

"ते लिहीत नाहीत अव्वा."

"का?"

"लागत नाही ते."

"मला लागतंय."

अव्वांनी मान वर केली. "चूक माझी का, सुगला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत मी शंभर वेळा ऐकलं होतं. कुणाचीच चूक नाही, कुणाला ठाऊकच नव्हतं. मलासुद्धा ते झोपेत म्हणता आलं असतं. अक्कांनी ते म्हटलं नाही, हातातल्या पेन्सिलीला टोक करत राहिल्या. बाहेर एक्स-रेचे नंबर पुकारत होते. शेवटी त्या कानडीत काहीतरी म्हणाल्या, चार-पाच शब्द. अव्वांनी मान हलवली, इडलीचा द्रोण स्वतःच उचलला आणि हळूहळू बाहेर गेल्या. अक्का काय म्हणाल्या ते मला समजलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. खरं कळलं, आता माय-लेकी मोकळ्या होतील. किती अडाणी होते मी! पुढच्या गुरुवारी जिना चढताना वरून आवाज आला नाही. अव्वा खिडकीशी बसलेल्या. "या," म्हणाल्या. मला नव्हे, अक्कांना. लेकीला 'या'! भाकरी कशी झाली, केस कसे बांधलेत, काही नाही. मामा समोर आले की त्यांच्या ताटात आपली भाजी घालायच्या आणि भिंतीकडं बघत बसायच्या. अव्वांना कळलंय हे आता मामांनाही ठाऊक होतं. ते पेपर उघडून बसत, पण पान उलटत नसत.

"पाहुण्यांच्या घरी राहावं तशी राहते ग ती," अक्का एकदा चौकात मला म्हणाल्या. "पाणीसुद्धा विचारून पिते. कालपर्यंत मला मेलीस, खाल्लीस म्हणायची, आता 'दमली असशील' म्हणते. मला माझी आई पाहिजे." साठीची बाई रस्त्यात उभी राहून लहान पोरीसारखं हे बोलली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीनं काय होतंय? शिक."

पुढं मी पास झाले, पुण्यात नोकरीला लागले. सोलापूरला परत जाणं झालं नाही, खरं सांगायचं तर मी टाळलं. अव्वा वर्षभरात गेल्या. अक्का गेल्या वर्षी गेल्या, झोपेतच. मामांचा फोन आला. "तुमची अक्का गेली," एवढंच म्हणाले. आता मी मुलींना शिकवते. त्यांच्यातली एखादी धाडधाड बोलत सुटली की माझ्या तोंडून अक्कांचाच प्रश्न जातो, तिनं विचारलं होतं का?

पण अक्का डोळ्यांपुढं येतात त्या खोलीतल्या नाहीत. येतात त्या माझ्या शेवटच्या गुरुवारच्या. निरोपाचं जेवण होतं. मामा, अव्वा आणि मी पाटावर बसलो होतो, अक्का वाढत होत्या. आधी जेवा, मी मागून बसते, म्हणाल्या. मी आमटीत भाकरी बुडवून पहिला घास घेतला आणि माझं तोंड कडवट झालं, इतकं मीठ. अक्कांचा हात स्वयंपाकात कधी चुकलेला मी पाहिला नव्हता. मामा एक क्षण थबकले, अर्धा तांब्या पाणी प्यायले आणि खाली मान घालून जेवायला लागले.

अक्का पळी हातात धरून अव्वांकडं बघत होत्या. अव्वांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला.

"आमटी कशी झालीय ग अव्वा?"

"चांगली झालीय की."

"मीठ?"

"बरोबर हाय."

"नीट बघ की."

"बरोबर हाय म्हनलं न्हवं. दमतीस तू दिवसभर. बस, जेव."

अक्का बसल्या नाहीत. "अव्वा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आजाराचं नाव घेताना उतरायचा तितका खाली उतरला. "अव्वा, नीट बघ ना एकदा."

अव्वांनी भाकरीचा तुकडा वाटीत फिरवला, वाटी पुसून स्वच्छ केली आणि ती अक्कांपुढं धरली.

"वाढ अजून थोडी," अव्वा म्हणाल्या.

अक्कांनी वाढली.